संगणक अभियांत्रिकीचे शैक्षणिक कर्ज : घेण्यापूर्वी करावयाचा हिशेब

मृग लागला की आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील कास्तकाराच्या घरी दोन खर्च एकदमच दाराशी येतात. एक बियाण्या-खताचा आणि दुसरा मुला-मुलींच्या प्रवेशाचा. बारावी व सीईटीचा निकाल याच सुमारास लागतो. पूर्वी शेतकरी मेळाव्यात सोयाबीनचे वाण आणि कपाशीवरील बोंडअळी एवढेच प्रश्न निघत. आता चहाच्या वेळी दोन-तीन पालक तरी बाजूला घेऊन विचारतात, "सर, पोराला कॉम्प्युटरला टाकावं म्हणतो. बँक कर्ज देते. घ्यावं काय?"

या प्रश्नाला 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. मात्र तो हिशेबाने सोडविता येतो आणि तो हिशेब कास्तकाराला नवीन नाही. ठिबकचा संच घ्यावा काय, विहीर खोल करावी काय, हे ठरविताना आपण वाढीव खर्च व वाढीव उत्पन्न यांची तुलना करतो. तीच पद्धत येथे लावावयाची आहे. कर्जाचा आकडा मोठ्यात मोठ्या पगाराकडे पाहून ठरवू नये, तर सामान्य विद्यार्थ्याला मिळणाऱ्या पहिल्या पगाराकडे पाहून ठरवावा, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

पदवीकडे फळबाग म्हणून पाहावे

संग्रामपूर, जळगाव जामोद भागातील संत्रा बागायतदारांना हे लगेच पटेल. संत्र्याची कलमे लावल्यापासून व्यापारी उत्पन्न सुरू होण्यास पाच-सहा वर्षे लागतात. तोपर्यंत खड्डे, कलमे, पाणी, मजुरी हा सर्व खर्च पदरचा असतो. अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची आहे व नोकरी मिळण्यास काही महिने लागतात, म्हणजे तिचाही बहर पाचव्या वर्षीच येतो.

बाग लावताना जाणता शेतकरी तीन गोष्टी पाहतो. बहर येईपर्यंत एकूण खर्च किती, सर्वसाधारण वर्षी उत्पन्न किती आणि बाग बसली नाही तर घर कशावर चालेल. पीक स्पर्धेत पहिल्या आलेल्या शेतकऱ्याचे उत्पादन धरून कोणी आपल्या वावराचे अंदाजपत्रक करीत नाही. शिक्षणाच्या बाबतीत मात्र कॉलेजच्या माहितीपत्रकावरील सर्वांत मोठा पगार पाहून कर्जाचा निर्णय होतो. चूक येथेच होते.

कर्ज कसे वाढते

शैक्षणिक कर्जाचा हप्ता शिक्षण संपून साधारण एक वर्ष झाल्यावर सुरू होतो, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु व्याज पहिली फी भरल्या दिवसापासून चालू होते, याकडे दुर्लक्ष होते. या काळात व्याज सरळ पद्धतीने आकारले जाते. ते भरले नाही तर हप्ते सुरू होताना मुद्दलात मिळविले जाते आणि त्यापुढे त्या व्याजावरही व्याज लागते.

एक उदाहरण घेऊ. चार वर्षांसाठी एकूण ५ लाख रुपये कर्ज घेतले. दरवर्षी १ लाख २५ हजार रुपये उचलले. व्याजदर द.सा.द.शे. १० धरू. (बँकेनुसार दर कमी-अधिक असतो व तो बदलताही असतो.) पाच वर्षांचे व्याज असे होईल.

पहिल्या वर्षी : रु. १२,५००
दुसऱ्या वर्षी : रु. २५,०००
तिसऱ्या वर्षी : रु. ३७,५००
चौथ्या वर्षी : रु. ५०,०००
हप्ता सुरू होण्यापूर्वीच्या पाचव्या वर्षी : रु. ५०,०००
एकूण व्याज : रु. १,७५,०००

म्हणजे मुलाच्या हाती पहिला पगार येण्याच्या सुमारास कर्ज ५ लाख नसून ६ लाख ७५ हजार झालेले असते. ते फेडण्याचे तीन पर्याय पाहू.

७ वर्षांत फेडल्यास मासिक हप्ता सुमारे रु. ११,२०० व एकूण परतफेड सुमारे रु. ९ लाख ४१ हजार.
१० वर्षांत फेडल्यास मासिक हप्ता सुमारे रु. ८,९२० व एकूण परतफेड सुमारे रु. १० लाख ७० हजार.
१५ वर्षांत फेडल्यास मासिक हप्ता सुमारे रु. ७,२५० व एकूण परतफेड सुमारे रु. १३ लाख ६ हजार.

मुदत वाढविली की हप्ता हलका वाटतो, पण एकूण रक्कम वाढत जाते. दहा वर्षांच्या हप्त्याचे वर्षाला सुमारे १ लाख ७ हजार रुपये होतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला रु. ५,३२८ जाहीर झाला होता. त्या भावाने हा हप्ता म्हणजे वर्षाला २० क्विंटल सोयाबीन. एकरी सहा-सात क्विंटल उतारा धरला तर तीन एकरांचे सबंध पीक, तेही लागवडीचा खर्च वजा न करता. मुलाला नोकरी लागली नाही तर हे पीक कोणाच्या वावरातून जाणार, याचा विचार कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी करावा.

पगार किती धरावा

मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या सर्वसाधारण नवख्या अभियंत्याला वर्षाला ३ ते ४ लाख रुपयांच्या आसपास पगार देत आल्या आहेत. गेल्या दहा-बारा वर्षांत फी, खोलीभाडे व खाणावळीचे दर बरेच वाढले, पण हा सुरुवातीचा पगार फारसा वाढला नाही. काही थोड्या विद्यार्थ्यांना याच्या दुप्पट-तिप्पट मिळते. काहींना लहान कंपन्यांत दरमहा १२ ते १५ हजारांवर सुरुवात करावी लागते.

येथे 'पॅकेज' या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा. साडेतीन लाखांचे पॅकेज म्हणजे भागिले बारा करून येणारे २९ हजार रुपये हाती येत नाहीत. त्यात भविष्य निर्वाह निधीचा कंपनीचा वाटा, उपदान, विमा, कधी कामगिरीवर अवलंबून असलेला भत्ता हे सर्व धरलेले असते. हाती साधारण २४ ते २६ हजार येतात. पुणे किंवा हिंजवडीला खोली वाटून घेऊन, खाणावळ, प्रवास, फोन धरून काटकसरीने राहिले तरी १३-१४ हजार खर्च होतात. उरलेल्या दहा-अकरा हजारांतून कर्जाचा हप्ता व घरी पाठवावयाचे पैसे भागवावे लागतात.

या धंद्यालाही हंगाम असतात. २००१ मध्ये व पुन्हा २००८-०९ मध्ये संगणक क्षेत्रातील नोकरभरती आटली होती. २०२१-२२ मध्ये भरतीला उधाण आले आणि २०२३ नंतर ती मंदावली. जुलै २०२५ मध्ये टीसीएस या देशातील सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने मनुष्यबळात सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास कपात जाहीर केली. नवख्यांकडून करून घेतले जाणारे बरेचसे साचेबंद काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी होऊ लागले आहे. दुसरीकडे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी एका शाखेतील जागांची कमाल मर्यादा काढली. त्यामुळे संगणक शाखेच्या जागा बऱ्याच ठिकाणी वाढल्या. आवक वाढली व उठाव मंदावला की भावाचे काय होते, हे खामगावच्या बाजार समितीत माल नेणाऱ्याला सांगावयास नको.

याचा अर्थ हे शिक्षण निरुपयोगी आहे असा नाही. ज्यांचे गणित व तर्क पक्के आहेत आणि जे नोकरी लागल्यावरही शिकत राहतात, त्यांचा पगार चार-पाच वर्षांत चांगला वाढतो. पदवीचा खरा फायदा पहिल्या वर्षी दिसत नाही, तो या वाढीत असतो. परंतु कर्जाचा हप्ता ती वाढ होईपर्यंत थांबत नाही.

दोन कर्जे, तीन पगार

आता दोन प्रकारच्या कर्जांची तुलना करू. पहिले वर सांगितलेले ५ लाखांचे. दुसरे, मोठ्या शहरातील खासगी महाविद्यालयात व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश, वसतिगृहासह एकूण १२ लाखांचे. दुसऱ्यात दरवर्षी ३ लाख उचलले तर पाच वर्षांचे व्याज ४ लाख २० हजार होऊन कर्ज १६ लाख २० हजारांवर जाते व दहा वर्षांचा मासिक हप्ता सुमारे रु. २१,४१० येतो. खालील तक्त्यातील पगार व खर्च हिशेबासाठी धरलेले आहेत. वाचकांनी आपले आकडे घालून तो पुन्हा करावा.

| हाती येणारा मासिक पगार (रु.) | शहरातील खर्च (रु.) | शिल्लक (रु.) | ५ लाख कर्जाचा हप्ता भरून उरते (रु.) | १२ लाख कर्जाचा हप्ता भरून उरते (रु.) |
|---|---|---|---|---|
| १५,००० | १२,००० | ३,००० | तूट ५,९२० | तूट १८,४१० |
| २५,००० | १४,००० | ११,००० | २,०८० | तूट १०,४१० |
| ४५,००० | १८,००० | २७,००० | १८,०८० | ५,५९० |

तक्त्यावरून दिसते की सामान्य पगारावर ५ लाखांचे कर्ज जेमतेम झेपते. १२ लाखांचे कर्ज केवळ वरच्या पगारावरच झेपते. सामान्य पगार मिळाला तर दरमहा दहा हजारांची तूट गावाकडून भरून काढावी लागेल. म्हणजे मुलगा कमावता झाल्यावरही बापानेच पैसे पाठवावयाचे.

वाढीव उत्पन्नाच्या पद्धतीनेही पाहावे. कमी खर्चाची पदवी घेऊन मुलाला आपल्या भागात दरमहा १५ हजार मिळाले असते व अभियंता होऊन २५ हजार मिळाले, तर पदवीने वाढविलेले उत्पन्न महिन्याला १० हजार. ५ लाखांच्या कर्जाचा हप्ता ८,९२०. शहरात राहण्याचा जादा खर्च धरला तर पहिली दोन-तीन वर्षे पदवी स्वतःचे कर्जही पूर्ण फेडीत नाही. पगार वाढू लागल्यावरच फायदा सुरू होतो.

यावरून एक साधा नियम ठेवावा. मासिक हप्ता सामान्य पहिल्या पगाराच्या एक-तृतीयांशाहून अधिक नसावा. २५ हजार पगार धरला तर हप्त्याची मर्यादा सुमारे ८,३०० रुपये व त्यानुसार कर्जाची मर्यादा साधारण साडेचार ते पावणेपाच लाख येते. अंथरूण पाहून पाय पसरावे असे म्हणतात. येथे अंथरूण म्हणजे हा पहिला पगार.

तारण, सह-कर्जदार आणि पीककर्ज

बँकांच्या नमुना योजनेनुसार ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. केंद्र शासनाच्या २०१५ च्या पत हमी योजनेत बसणाऱ्या कर्जाला ७.५ लाखांपर्यंत तारण किंवा तिऱ्हाइताचा जामीन लागत नाही. त्यावरील कर्जाला साधारणतः तारण मागितले जाते. २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली असल्यामुळे बँका सहसा घर, अकृषक भूखंड किंवा मुदत ठेव मागतात. त्यामुळे फक्त शेती असलेले कुटुंब अडते, मग सावकाराकडे वळते किंवा एखादा एकर विकते. कर्जाची रक्कम या टप्प्याला पोहोचली की थांबावे. एकदा विकलेले वावर पगारातून परत घेणे फार थोड्यांना साधते.

तारण नसले तरी जबाबदारी नाही असे समजू नये. शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील सह-कर्जदार असतात. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते आणि त्याची नोंद विद्यार्थ्याबरोबर पालकाच्या पत-अहवालातही होते. पुढच्या खरिपात पीककर्जाचे नूतनीकरण किंवा ट्रॅक्टरचे कर्ज मागावयास गेल्यावर ही नोंद आडवी येते. थोडक्यात, मुलाच्या थकीत हप्त्याचा परिणाम बापाच्या पेरणीवर होऊ शकतो. राज्य शासनाच्या २०१७ व २०१९ च्या कर्जमाफी योजना शेतीकर्जासाठी होत्या, शैक्षणिक कर्ज त्यात नव्हते. तेव्हा पुढे माफी होईल या आशेवर हे कर्ज घेऊ नये.

फी भरण्यासाठी पीककर्ज वापरणेही टाळावे. ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ते शेतकऱ्याला बिनव्याजी पडते. ते फीला गेले तर पेरणीला उसनवार करावी लागते, मुदत चुकते व सवलतही हातची जाते.

कर्ज कमी करण्याचे मार्ग

(१) प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच घ्यावा. शासनाच्या फी सवलती सामान्यतः याच मार्गाने प्रवेश घेणाऱ्यांना मिळतात, व्यवस्थापन कोट्यातील विद्यार्थ्याला नाही.

(२) वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यास राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला शिक्षण शुल्कात ५० टक्के सवलत मिळते. २०२४-२५ पासून याच उत्पन्न मर्यादेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग व इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक शिक्षणक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. 'मुलीला कशाला एवढे शिकवायचे' असे म्हणणाऱ्या घरांनी लक्षात घ्यावे की हिशेबाने पाहता आज मुलीचे अभियांत्रिकी शिक्षण मुलापेक्षा स्वस्त पडते. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे.

(३) अल्पभूधारकांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावे लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास व प्रवर्गानुसार लागणारी प्रमाणपत्रे उन्हाळ्यातच काढून ठेवावीत. प्रवेशाच्या गर्दीत एक दाखला राहिला तर वर्षाची सवलत जाते.

(४) उत्पन्न ४.५ लाखांच्या आत असल्यास केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत शिक्षणकाळ व त्यानंतरच्या एका वर्षाचे व्याज शासन भरते. संस्था किंवा शिक्षणक्रम मूल्यांकित असणे आवश्यक आहे. वरच्या उदाहरणात यामुळे १ लाख ७५ हजार वाचून हप्ता सुमारे रु. ६,६१० वर येतो. विद्यार्थ्याने शिक्षण मध्येच सोडल्यास हे अनुदान मिळत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांमधील विद्यार्थ्यांना विनातारण कर्ज व ८ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. आपले महाविद्यालय त्या यादीत आहे काय, हे आधी पाहावे.

(५) अनुदान मिळत नसेल तर शिक्षण चालू असतानाच दरवर्षीचे व्याज भरावे. सोयाबीन किंवा तूर विकल्यावर त्यातून तेवढी रक्कम वेगळी काढावी. वरच्या उदाहरणात दहा वर्षांच्या परतफेडीत यामुळे सुमारे १ लाख रुपये वाचतात.

(६) जवळचे महाविद्यालय आधी विचारात घ्यावे. शेगावला श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे. चिखली व मलकापूर येथेही अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. गुण चांगले असल्यास अमरावती, जळगाव किंवा छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय महाविद्यालयात फी बरीच कमी पडते. खामगावहून शेगावला एस.टी.च्या सवलतीच्या पासवर रोज ये-जा केल्यास वसतिगृहाचा सगळा खर्च वाचतो.

(७) दहावीनंतर पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्याचाही मार्ग आहे. खामगावच्या शासकीय तंत्रनिकेतनासारख्या संस्थेत पदविका स्वस्तात होते व पदवीची फी चारऐवजी तीनच वर्षे भरावी लागते. शिवाय मुलाला हा विषय मानवतो किंवा नाही, हे मोठे कर्ज घेण्यापूर्वीच कळते.

महाविद्यालयाला विचारावयाचे प्रश्न

बियाणे घेताना आपण पिशवीवरील उगवणशक्ती पाहतो. तशीच चौकशी येथे करावी.

गेल्या वर्षी संगणक शाखेत एकूण विद्यार्थी किती व त्यांपैकी नोकरी किती जणांना लागली? निवडपत्र मिळालेल्यांपैकी प्रत्यक्ष रुजू किती झाले? सर्वांत मोठा नव्हे, तर मधला पगार किती? (सर्वांचे पगार चढत्या क्रमाने लावले असता बरोबर मध्यभागी येतो तो मधला पगार.) नोकरीत बंधपत्र किंवा प्रशिक्षणाचे पैसे भरण्याची अट आहे काय? शिक्षण शुल्काशिवाय इतर कोणती रक्कम घेतली जाते?

राष्ट्रीय क्रमवारीत, म्हणजे एनआयआरएफमध्ये, भाग घेणाऱ्या संस्थांना नोकरी लागलेल्यांची संख्या व मधला पगार आपल्या संकेतस्थळावर द्यावा लागतो. मुलाकडून तो काढून घ्यावा. आपल्या तालुक्यातून तेथे शिकून गेलेल्या दोन-तीन मुलांशीही बोलावे. हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

नोकरी लांबली तर

हप्ता सुरू होण्याच्या वेळी नोकरी नसेल तर घरात गप्प बसू नये. पहिला हप्ता थकण्यापूर्वीच मुलाने पालकांसह बँकेत जाऊन लेखी अर्ज करावा. बेकारीच्या काळात हप्ता पुढे ढकलण्याची तरतूद नमुना योजनेत आहे. तिचा निर्णय बँक घेते, परंतु खाते थकल्यानंतर गेलेल्यापेक्षा आधी गेलेल्याचे म्हणणे अधिक ऐकले जाते. कर्ज चालू असेपर्यंत विद्यार्थ्याचा मुदत विमा उतरवावा. तरुण वयात त्याचा हप्ता थोडा असतो आणि घात झाल्यास म्हातारपणी आई-बापावर कर्ज राहत नाही.

आणखी एक गोष्ट मुलालाही हिशेबात बसवून घेण्याची. पुष्कळ घरांत फी किती व कर्ज किती हे मुलाला सांगितले जात नाही, 'तू फक्त अभ्यास कर' एवढेच सांगतात. असे करू नये. कर्ज त्याच्या नावावर आहे व पुढची दहा वर्षे ते त्याला फेडावयाचे आहे. एका संध्याकाळी कागद-पेन घेऊन आई, वडील व मुलगा किंवा मुलगी यांनी मिळून वरचा तक्ता भरावा. गणितात रस नसलेल्या मुलाला शेजाऱ्याचा मुलगा गेला म्हणून या शाखेला पाठविणे म्हणजे भारी जमिनीचे पीक मुरमाड रानात घेण्यासारखे आहे.

थोडक्यात

कर्ज साडेचार-पाच लाखांच्या आत, प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, सवलती पूर्ण घेतलेल्या व मुलाला विषयाची खरी आवड असेल तर संगणक अभियांत्रिकीसाठी कर्ज घेण्यास हरकत नाही. व्यवस्थापन कोटा, दहा-बारा लाखांचे कर्ज आणि वावर किंवा घर तारण अशी स्थिती असेल तर ते टाळावे व पदविका, जवळचे महाविद्यालय किंवा कमी खर्चाची पदवी यांचा विचार करावा. कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी बँकेकडून हप्ता सुरू होतानाची एकूण रक्कम, मासिक हप्ता व एकूण परतफेड हे तीन आकडे लिहून घ्यावेत आणि ते घरातील सर्वांना वाचून दाखवावेत.